नाद आणि शेजारी

नृसिंहवाडीला मी गेलो तो मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी. ख्रिस्ती माणसाने दत्तक्षेत्री जाऊन काय पाहावे, असा प्रश्न बरोबरच्या मित्राने वाटेत केला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी एक होऊन संथ वाहत होते. पावसाळ्यात हेच पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. त्या सोहळ्याला ‘दक्षिणद्वार’ म्हणतात आणि त्यात स्नान करण्यासाठी माणसे दुरून येतात. त्या दिवशी मात्र नदी आपल्या जागी होती. पालखी निघाली. पदे म्हटली जाऊ लागली. मग टेंबेस्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची, करुणात्रिपदी सुरू झाली. ती याच वाडीत रचली गेली, आणि तिचा विषय असा की, रागावलेल्या देवाने शांत व्हावे. शेकडो कंठ एकाच वेळी शांतीची याचना करीत होते, आणि त्या आवाजात मला, परक्या माणसालाही, अवघडल्यासारखे वाटले नाही. का वाटले नाही, हाच पुढे माझ्या मनात घोळत राहिलेला प्रश्न आहे. कारण असे अवघडलेपण मी इतरत्र अनुभवले आहे, आणि इतरांना अनुभवायला लावलेही आहे.

वाडीचे मंदिर पाहणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येते. नेहमीच्या देवळाचे उंच शिखर आणि कळस येथे दिसत नाही. बांधणी मुसलमानी धाटणीची वाटते. परंपरा सांगते की, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती श्रीगुरूंच्या कृपेने परत आली, आणि कृतज्ञ बादशहाने हे मंदिर बांधवून औरवाड व गौरवाड ही गावे देवस्थानाला इनाम दिली. औरवाड कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर आहे. इतिहासाच्या कसोटीवर या कथेचा किती भाग टिकेल, हे ठरवणे माझे काम नव्हे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, वाडीच्या भाविकांनी ती कथा टाकून दिली नाही. आपल्या देवाच्या डोक्यावरचे छत्र परधर्मीयाने दिले, हे सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

डोळ्यांची दुसरी एक हकीकत याच वाडीशी निगडित आहे, आणि ती दंतकथा नाही. जवळच्या कुरुंदवाड संस्थानात १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी एक मुलगा जन्मला. दत्तजयंतीच्या उत्सवासाठी तो नरसोबाच्या वाडीला आला असता एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला आणि त्याचे डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले. दृष्टी अधू झाली ती कायमची, आणि पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला, म्हणून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. तोच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर या नावाने साऱ्या हिंदुस्थानास माहीत झाला. १९०१ साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

एका कथेत मुसलमान राजकन्येचे डोळे वाडीत येऊन उघडतात. दुसरीत हिंदू कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे वाडीच्या उत्सवात मिटू लागतात. पहिल्याला कारण प्रार्थना, दुसऱ्याला कारण आवाज; भक्तीपोटीच केलेला, पण कोणाच्या तोंडाशी फुटेल याचा विचार न करता केलेला. पलुस्करांच्या चरित्रात या अपघाताकडे ईश्वरी योजना म्हणून पाहण्याची रीत आहे. फटाका फुटला म्हणून संगीताला उद्धारकर्ता मिळाला, असे म्हटले जाते. मला हे म्हणणे फारसे रुचत नाही. देव वाइटातून चांगले काढतो, हे आपण ख्रिस्ती लोकही मानतो; पण म्हणून फटाका उडवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

कानाला पापणी नाही. डोळा मिटता येतो, मान वळवता येते, न आवडणारे चित्र ओलांडून पुढे जाता येते. आवाजाचे तसे नाही. तो भिंत ओलांडतो, दार न वाजवता घरात येतो, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसतो. म्हणून आवाज करणे ही दृश्य उभे करण्यापेक्षा अधिक जोखमीची नैतिक कृती आहे. शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? तेव्हा प्रभूने त्याला वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची आणि शोमरोनी प्रवाशाची गोष्ट सांगितली. आजच्या शहरात आणि खेड्यात त्या प्रश्नाचे एक अगदी साधे उत्तर देता येईल: ज्याच्या कानापर्यंत माझा आवाज पोहोचतो तो माझा शेजारी. त्याची निवड मी करीत नाही. माझा आवाज करतो. मी जितका मोठा आवाज काढीन तितके माझे शेजारी वाढतील आणि तितके माझे ऋण वाढेल. ध्वनिवर्धक लावणाऱ्याने आपण किती माणसांचे देणे डोक्यावर घेतले याचा हिशेब करून पाहावा.

आता पुन्हा पलुस्करांकडे. ते ज्या गुरूंकडे शिकले ते बाळकृष्णबुवा हे वासुदेवबुवा जोशांचे शिष्य, आणि वासुदेवबुवा शिकले ते ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या परंपरेत. म्हणजे महाराष्ट्राने ज्या ख्यालगायनाला आपले मानले ते उस्तादांच्या घरातून आले. पलुस्करांनी त्या गायनाला भक्तिपदांची जोड दिली, शृंगारिक शब्द दूर केले, शाळा काढल्या, स्वरलेखन सिद्ध केले, गवयाला समाजात मान मिळवून दिला. हे कार्य थोर आहे. मात्र त्यात उस्तादांचे ऋण काहीसे मागे पडले, अशी टीका अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. योगायोग असा की, किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांचा जन्मही १८७२ चाच. उत्तरेकडून आलेले हे खाँसाहेब अखेर मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली वारले, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, आणि गाणाऱ्यांचा धर्म कोणी विचारत नाही. पलुस्करही १९३१ साली मिरजेतच निवर्तले. त्याच मिरजेत शिकलगार घराण्यांनी, जी पूर्वी शस्त्रांना धार लावीत, सतारी आणि तंबोरे घडवण्याची विद्या वाढवली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीवर फिरणारे हात भोपळ्यावर फिरू लागले, याहून बोलका पालट मला माहीत नाही.

या सौहार्दाच्या चित्रावर समाधान मानून लेख संपवता आला असता. पण १९२३ च्या डिसेंबरात काकीनाडा येथे जे घडले ते वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन होते. अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. प्रथेप्रमाणे पलुस्कर ‘वंदे मातरम्’ गाण्यास उभे राहिले. अध्यक्षांनी आपल्या धर्मात संगीत निषिद्ध असल्याचे सांगून हरकत घेतली. पलुस्करांनी उत्तर दिले की, हे राष्ट्राचे व्यासपीठ आहे, कोणा एका धर्माचे प्रार्थनास्थळ नव्हे. येथे गाण्यास बंदी करण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही. आणि त्यांनी गीत पूर्ण केले. एक बाजू म्हणते, पलुस्करांनी स्वाभिमान राखला. दुसरी म्हणते, त्यांनी एका श्रद्धावंताच्या मनाची कदर केली नाही. गाणाऱ्याचा हक्क आणि ऐकणाऱ्याचा हक्क यांची ही समोरासमोर गाठ आहे.

माझे मत असे की, पलुस्कर बरोबर होते. सभा सर्वांची होती, गीत सभेच्या परिपाठातले होते, गाणारा बोलावून आला होता. ज्याला ऐकवत नव्हते त्याला क्षणभर बाहेर जाण्याची मोकळीक होती आणि तसे करण्यात त्याचा अवमान नव्हता. ऐकणाऱ्याला दुखले एवढ्यावरून गाणे थांबवायचे ठरवले, तर ज्याला लवकर दुखते तो साऱ्या जगाचा धनी होईल. ऐकणाऱ्याचेही कर्तव्य असते; दुखवले जाण्याची संधी शोधत हिंडू नये, हे त्यातले पहिले. परंतु पलुस्करांचेच शब्द दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी वापरले तर? रस्ता सर्वांचा आहे, प्रार्थनास्थळ नव्हे, म्हणून मी मशिदीच्या दारात नमाजाच्या वेळी ताशा वाजवणार, असे कोणी म्हटले तर? शब्द तेच, तर्कही दिसायला तोच. आणि तरीही माझे मन तेथे पलुस्करांच्या बाजूने उभे राहत नाही.

फरक कोठे आहे? पुष्कळ दिवस तो मला नेमका सांगता येत नव्हता. आवाजाची पट्टी हा फरक नव्हे. हळू आवाजातही विष कालवता येते. इतिहास खरा की खोटा, हाही नव्हे. खऱ्या इतिहासाचाही दगड होतो. मग एकदा असा विचार सुचला: ज्या घरासमोर मिरवणूक थांबते ते घर रिकामे असते, तर ती तेथे थांबली असती का? पलुस्करांचे गीत मौलाना सभेत नसते तरी तसेच गायले गेले असते, पहिल्यापासून अखेरपर्यंत. वाडीची पालखी मी घाटावर नसतो तरी तशीच निघाली असती. त्या पदांना माझी गरज नव्हती, म्हणूनच ती मला खुपली नाहीत. पण काही आवाज असे असतात की, समोरच्या घरातला माणूस उठून गेला तर ते अपुरे राहतात. त्यांचा खरा श्रोता आपल्या गोटातला नसतोच. ज्याला टोचावयाचे आहे तोच त्यांचा श्रोता.

ही कसोटी घेऊन आपल्या भागातल्या उत्सवांचा इतिहास पाहिला तर तो दोन रंगांचा दिसतो. १८९३ च्या मुंबईतील दंगलीपूर्वी हिंदू लोक मोठ्या संख्येने ताबुतांत भाग घेत, त्यापुढे नाचत. दंगलीनंतर तो संबंध तुटत गेला, सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, मेळ्यांची पदे आली, आणि १८९४ साली पुण्यात मशिदीपुढील वाद्यांवरून दंगा झाला. १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव भरला. या उत्सवांनी परक्या सत्तेखाली मान खाली घालून जगणाऱ्या समाजाला मान वर करायला शिकवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाजी महाराजांचे स्मरण ही महाराष्ट्रातल्या प्रत्येकाची, ख्रिस्ती माणसाचीही, ठेव आहे. पण त्याच उत्सवांतल्या काही आवाजांना पहिल्या वर्षापासून समोरच्या घराची गरज लागत होती. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवातील अफझलखानवधाच्या कमानीवरून दंगल पेटली, ती सांगली-इचलकरंजीपर्यंत पसरली. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जे झाले ते झाले. ते चित्रित करणे हा गुन्हा नव्हे, आणि अफझलखानाच्या बाजूने बोलण्याचे आजच्या मुसलमानाला काही कारणही नाही. तरी कमान कोठे, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या नजरेसाठी उभी राहते, हा प्रश्न उरतोच. आणि ती उतरवा म्हणणाऱ्याला तिच्यात आपला पराभव का दिसावा, हाही प्रश्न उरतो. २०२३ च्या जूनमध्ये शिवराज्याभिषेकदिनाच्या सुमारास कोल्हापुरात काही मुलांनी मोबाइलवर टिपू सुलतानच्या चित्राला आक्षेपार्ह ध्वनिफीत जोडली. तिचाही श्रोता मित्रांपेक्षा विरोधकच अधिक होता. ७ जूनला शहर बंद झाले, दगडफेक झाली, आणि ज्यांनी ती ध्वनिफीत ऐकलीही नव्हती त्यांची दुकाने फुटली. दोन्हीकडून कसोटी तीच लागू पडते.

यरीहो नगराला पवित्र शास्त्रात दोन वेगवेगळे आवाज लाभले आहेत. जुन्या करारात रणशिंगे फुंकीत सैन्य सात दिवस नगराला वेढे घालते आणि गर्जनेसरशी तट कोसळतो. नव्या करारात त्याच नगराच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो, आणि जमाव त्याला गप्प बसवतो. उत्सवात निघालेल्या जमावाला एका माणसाची आरोळी नेहमीच अडचणीची वाटते. प्रभू मात्र तेथे थांबतो. पहिल्या यरीहोचे वर्णन मी लहानपणी मोठ्या आवडीने वाचीत असे. तटाच्या आत बसलेल्यांनी ते सात दिवस काय ऐकले असेल, हा विचार चाळिशी उलटल्यावर प्रथम मनात आला.

आता घरची गोष्ट. मी वसईचा आहे, आणि या प्रश्नात मी त्रयस्थ नाही, हे वाचकांना सांगितलेच पाहिजे. १६ मे १७३९ रोजी, अनेक महिने चाललेल्या रक्तबंबाळ वेढ्यानंतर, वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाला. किल्ल्यातल्या आणि परिसरातल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून हत्तींवरून देशावर गेल्या, अशी आठवण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. भीमाशंकराला, पालीच्या बल्लाळेश्वराला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर या घंटा आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. जी कृष्णा मेणवलीहून वाहते तीच पुढे वाडीला पंचगंगेला भेटते. घाटावर बसलो असताना मला ते सुचले होते, आणि मन थोडे भरून आले होते.

आज वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. मे महिन्यात विजयदिन साजरा होतो. मराठ्यांनी पोर्तुगीजांना हरवले, हा इतिहास आहे, आणि त्याचा आनंद मानण्याचा हक्क प्रत्येक मराठी माणसाला आहे. माझी अडचण निराळी आहे. अशा प्रसंगी कोणी वक्ता ‘त्यांना आम्ही हाकलले’ असे म्हणतो तेव्हा ‘त्यांना’ या शब्दाची बोट कोणाकडे वळते? पोर्तुगीज शिबंदी तहाप्रमाणे सन्मानाने जहाजांत बसून निघून गेली. मागे राहिलेले आम्ही कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी, याच मातीतले. आमची बोली मराठी, आमच्या लग्नांत ओव्या. मागे राहणाऱ्यांना धर्माचरणाची मोकळीक तहातच दिली गेली होती. जिंकणाऱ्यांनी आम्हांला शत्रू मानले नाही. अडीच शतकांनंतरच्या भाषणात मात्र आम्हांला अधूनमधून त्या जहाजात बसवले जाते. मग घंटा कानांत वाजू लागते ती वेगळ्या स्वराने.

परंतु या तक्रारीला लागूनच दुसरे पान आहे, आणि ते आपण बहुधा उलटत नाही. वसई पडण्याच्या केवळ तीन वर्षे आधी, एप्रिल १७३६ मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. नवख्रिस्ती लोकांनी लग्नात पूर्वीची देशी वाद्ये वाजवू नयेत, ओव्या म्हणू नयेत, अशी त्यात आज्ञा होती. त्याआधी पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर निर्बंध आले. ज्यांच्या घंटा गेल्या त्यांनीच आधी कोणाचे तरी ढोल बंद केले होते. आणि त्यांत आमचे पूर्वजही होते, कारण फर्मान त्यांच्याच ओव्यांविरुद्ध होते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहून ख्रिस्ताचे चरित्र या मातीच्या छंदात गायिले, आणि १२० वर्षांनी त्याच ख्रिस्ताच्या नावाने ओवी दंडास पात्र ठरली! ओव्या तरीही वाचल्या. हुकमाला न जुमानता त्या कोणी आजीने चुलीपाशी पुटपुटल्या असतील. बंदी घालणाऱ्याला कानाने पकडता येणार नाही इतक्या हळू.

मग त्या घंटांचे काय करायचे? बाबेलच्या राजाने यरुशलेमच्या मंदिरातली पात्रे नेली होती. कोरेश राजाने ती मोजून परत केली. या आधारावर घंटा परत मागाव्यात, असे आपल्यातल्या काहींना वाटते. मी त्या मताचा नाही. लुटीचे समर्थन मला करायचे नाही. पण अडीचशेहून अधिक वर्षांत त्या घंटेखाली किती माणसांनी हात जोडले असतील! पहाटे एखादी म्हातारी दोर ओढते तेव्हा तिला वसई आठवत नाही, मी आठवत नाही, पोर्तुगीज आठवत नाहीत. तिला देव जागा करायचा असतो. त्या नादाला माझ्या पराभवाची गरज नाही. माझ्या कसोटीवर तो निर्मळ उतरतो. त्याच घंटेचा उल्लेख भाषणात ‘हिसकावून आणलेली’ म्हणून होतो तेव्हा मात्र तिला पराभूत श्रोता हवा असतो. धातू एकच आणि त्याचे नाद दोन. हद्दूखाँची चीज पलुस्करांच्या शिष्याच्या कंठातून येते तेव्हाही असेच काहीसे घडते: ती कोठून आली हे कृतज्ञतेने सांगता येते, किंवा ते पुसून टाकून तिच्यावर नवे नाव घालता येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात मुसलमान व ख्रिस्ती यांच्यातल्या गतकाळच्या कलहांचा उल्लेख करून भूतकाळ विसरून जाण्याचे आवाहन केले. पस्तीस वर्षांनी, १२ मार्च २००० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली. तेव्हा विसरण्यापेक्षा ‘स्मृतीचे शुद्धीकरण’ हा शब्द पुढे आला. या दोहोंत मला मोठे अंतर दिसते. विसरा असे सांगणे ज्याने दुखावले त्याच्या तोंडी शोभत नाही, आणि ज्याला दुखावले त्याला ते जमत नाही. शिवाय विसरलेली गोष्ट मरत नाही; ती कोणातरी पुढाऱ्याच्या हाती लागेपर्यंत तळघरात पडून राहते. शुद्धीकरणात गोष्ट पुरी सांगावी लागते, आपल्या बाजूचे काळे पानही वाचावे लागते, आणि ती ऐकायला ज्याच्याविषयी ती आहे त्याला शेजारी बसवावे लागते. तो शेजारी बसला असता ज्या स्वरात आपण बोलू तोच स्वर इतिहास सांगण्यास योग्य, असे मला वाटते. हे अवघड आहे. आपल्या सभांतून आपण गोव्यातल्या फर्मानाविषयी किती वेळा बोललो आहोत?

कुरुंदवाडचे एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. पलुस्करांच्या या जन्मगावी पाच मशिदींत गणपती बसवण्याची रीत आहे. २०१८ आणि २०१९ साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा पीर आणि गणपती एका छताखाली होते. याचे फार कौतुक होते, छायाचित्रे छापली जातात. कौतुक योग्यच आहे. तरी मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दैनंदिन, काहीसे कंटाळवाणे काम: आरती किती वाजता, नमाज किती वाजता, कोणी कोणासाठी थांबायचे, याची रोजची बोलणी. एका छताखाली राहायचे म्हटले की आवाजाचे वेळापत्रक करावेच लागते. आपल्या रस्त्यांवरही वस्तुतः एकच छत आहे. ते उंच असल्यामुळे दिसत नाही, इतकेच.

आपल्याकडचा हिशेबही मांडला पाहिजे. ध्वनिवर्धकावरील प्रार्थनेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी दिलेला जो निर्णय पुढे वारंवार आधाराला घेतला गेला, त्यात एका बाजूला कोणतेही देऊळ किंवा मशीद नव्हती. चेन्नईतील एक ख्रिस्ती प्रार्थनामंडळ होते. इतरांची शांती मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा न्यायालयाचा आशय होता. संदेष्टा आमोस याच्या तोंडून देवाने आपल्याच लोकांच्या गीतांचा गोंगाट दूर करण्यास सांगितले होते. ते वचन आपण उपासनेत वाचतो आणि मग सणाच्या तयारीला लागतो.

वाडीहून परतल्यावर मी आमच्या धर्मग्रामाच्या सणसमितीपुढे एक सूचना ठेवली: आश्रयदात्या संतांच्या सणाच्या आदल्या रात्री मिरवणूक चर्चकडे वळते त्या कोपऱ्यावर फटाके उडवू नयेत. त्या कोपऱ्यावर चार घरे आहेत; दोन हिंदूंची, एक मुसलमानांचे, आणि एक आमच्यातलेच, जेथे अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे. फटाके तेथेच का उडवतात, असे मी विचारले. एकाने सांगितले, तेथे जागा मोकळी आहे. दुसरा म्हणाला, “पूर्वीपासून तेथेच उडवतात.” तिसरा, वयाने सर्वांत लहान, हसून म्हणाला, “तेथे ऐकायला लोक असतात ना, अंकल.” मग जमाखर्चाचा विषय निघाला आणि माझी सूचना पुढील बैठकीवर गेली. त्यानंतर तीन बैठका झाल्या. ती अद्याप कार्यक्रमपत्रिकेवर आहे.